फौजीचे नामंजूर पेन्शन: पत्र ट्रंकेत ठेवू नका, अपील करा

फेरफाराची नोंद चुकली की आपला शेतकरी स्वस्थ बसत नाही. तहसीलदारांचा निर्णय पटला नाही तर साठ दिवसांत प्रांताकडे अपील, तिथंही जमलं नाही तर पुढं जिल्ह्याला, ही वाट वसई तालुक्यात सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच घरातला मुलगा फौजेतून कंबर गमावून किंवा फिटचा आजार घेऊन परत येतो, अपंगत्व पेन्शन नामंजूर झाल्याचं पत्र येतं आणि ते मात्र लोखंडी ट्रंकेत जातं. 'सरकारनं नाही म्हटलं, आता काय करणार?' असं म्हणून घर गप्प बसतं.

याला एक कारण आहे. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घरोघरी फौजी असतात. अर्ज कसा लिहायचा हे सांगणारा शेजारीच भेटतो. आपल्याकडे पारोळ-भाताण्यापासून आगाशी-अर्नाळ्यापर्यंत गावात एखाद-दुसराच फौजी, त्यामुळे तो एकटा पडतो.

नकाराच्या पत्रात बहुधा एकच ओळ असते: आजार सैन्यसेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. ही ओळ म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. धरमवीर सिंग हा जवान १९८५ मध्ये भरती झाला. १९९४ मध्ये फिटच्या आजारामुळे त्याला घरी पाठवलं. अपंगत्व वीस टक्के, पेन्शन मात्र नाही. उच्च न्यायालयात तो एका न्यायाधीशांपुढे जिंकला, मग खंडपीठापुढे हरला. अखेर २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. भरतीच्या तपासणीत आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असंच धरायचं. आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. मेडिकल बोर्डानं नुसता शेरा मारून भागणार नाही, कारणं द्यावी लागतील. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही मधुमेहाच्या एका प्रकरणात हेच बजावलं. शांत भागात नेमणूक होती एवढ्यावरून हक्क नाकारता येत नाही.

वाट अशी आहे. पहिलं अपील सैन्याच्या अपील समितीकडे. मुदत पत्रातच लिहिलेली असते, सहसा सहा महिन्यांची. तिथं नकार आला तर दुसरं अपील. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, ज्याचं पीठ मुंबईतच आहे. त्याच्याही निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाचं दार खुलं असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

अपिलाला कागद लागतात: डिस्चार्ज बुक, नकाराचं पत्र, दवाखान्याच्या चिठ्ठ्या आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मेडिकल बोर्डाची प्रत. ती रेकॉर्ड ऑफिसकडून मागवावी. मराठा लाइट इन्फंट्रीचं ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिकरोडला. दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा.

उशीर झाला म्हणून दावा मरत नाही, पण खिसा कापला जातो. तरसेम सिंग प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं थकबाकी साधारणपणे अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच धरली. दहा वर्षं ट्रंकेत पडलेल्या पत्राची किंमत अशी मोजावी लागते.

प्रत्येक दावा खरा असतो असं मात्र नाही. रजेवर घरच्या कामात झालेली इजा सेवेशी जोडता येत नाही, हे न्यायालयांनीही सांगितलं आहे. शिवाय २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. त्यानंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांनी जुन्या निकालांवर विसंबण्याआधी वकिलाला विचारावं.

आता गावच्या कारभाऱ्यांना एक सांगणं. सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, गावातल्या माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची यादी करावी. कुणाचं पेन्शन नामंजूर झालंय हे ग्रामसभेत विचारावं, अर्ज लिहून द्यावा आणि जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांशी गाठ घालून द्यावी. यासाठी वेगळा निधी लागत नाही, एक दुपार लागते.

आणि दिल्लीला विचारायचं ते हे: २०१५ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं जवानांविरुद्धची अशी कोर्टबाजी आवरा असं सांगितलं होतं. तरीही जिंकलेल्या जवानाला पुन्हा वरच्या कोर्टात का खेचलं जातं? सरकारचा वकील सरकारी तिजोरीतून, जवानाचा वकील त्याच्या पेन्शनीतून. ही लढाई बरोबरीची नाही. म्हणूनच गावानं त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं.