रडगाणे नव्हे, गाथा

आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हे वर्षावासाचे तीन महिने. पांढरकवड्यातल्या एका वस्तीवरच्या विहारात या दिवसांत रोज संध्याकाळी बाया जमतात. दिवसभर निंदण करून, रांधून-वाढून, पांढरी लुगडी नेसून येतात. वंदना होते, पंचशील होते, थोडा वेळ डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवून बसणे होते. मग बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन. वाचणारी बहुधा शाळकरी मुलगी, ऐकणाऱ्या तिच्या आया-आज्या.

मी बचत गटाच्या निमित्ताने तिथे जाऊ लागले. ‘गाणे हे प्रबोधनाचे प्रभावी माध्यम’ असे एम.एस.डब्ल्यू. करताना शिकले होते. त्यामुळे चळवळीतली तयार गाणी झोळीत घेऊनच गेले. बायांनी ती म्हटली, टाळ्याही वाजवल्या. त्यांच्यापाशी स्वतःचे काही गाणे आहे का, हे मात्र मी दोन वर्षे विचारलेच नाही. ही माझी चूक. आपल्यापैकी अनेकींची असावी.

एका संध्याकाळी मी त्यांना थेरीगाथेबद्दल सांगितले. बुद्धाच्या काळापासून चालत आलेल्या भिक्खुणींच्या या ७३ रचना त्रिपिटकात आहेत. बायांच्या काव्याचा इतका जुना संग्रह जगात क्वचितच असेल. त्यातली मुत्ता थेरी उखळ, मुसळ आणि नवरा या तिन्हींच्या जाचातून सुटल्याचा आनंद सांगते. पटाचारा सगळे घरदार गमावलेली. पाय धुताना वाहून जाणाऱ्या पाण्याकडे बघत तिचे मन शांत होते. आम्रपाली स्वतःच्या म्हाताऱ्या झालेल्या देहाचे वर्णन न लाजता करते. ऐकता ऐकता एक मावशी म्हणाल्या, “हे तं माह्याच घरचं व ताई!”

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःची ओवी घेऊन आल्या. दारू पिणारा नवरा आणि विहारात घेतलेले पाचवे शील, असा तिचा विषय. मग इतरजणीही बोलू लागल्या. कापूस वेचून चिरलेली बोटे, सावकाराचे कर्ज, शेतकरी नवऱ्याने जीव दिल्यावर पदरात पडलेले घर. महिनाभरात दहा-बारा गाणी झाली. श्वासावर लक्ष ठेवून बसण्याच्या त्या वेळात शब्द वर येतात, असे काहीजणींनी सांगितले.

वर्षावासाच्या समारोपाला मंडप पडला, स्पीकर लागले. गायक पार्टी बाहेरगावची, गायक-वादक सारे पुरुष. बायांनी पाच मिनिटे मागितली. उत्तर मिळाले, “धम्माच्या कार्यक्रमात घरचं रडगाणं नको.” आमच्या बाया नेहमीप्रमाणे खिरीच्या पातेल्याशी बसून राहिल्या. त्याच मंचावर पाचवे शील मात्र माइकवरून म्हटले गेले.

मैत्रिणींनो, मला तेव्हापासून एकच प्रश्न छळतो. दुःख आहे, हे तर धम्माचे पहिले आर्यसत्य. मग बाईने आपले दुःख सांगितले की ते रडगाणे कसे होते?

भीमगीतांचे ऋण मी नाकारत नाही. वामनदादा कर्डकांसारख्या (१९२२-२००४) शाहिरांनी अक्षर न येणाऱ्यांपर्यंत बाबासाहेब पोचवले. पण या गाण्यांत बाई येते ती बहुधा रमाई म्हणून. तिचा त्याग डोंगराएवढा, यात शंका नाही. परंतु आजच्या बाईकडून आपण त्यागच तेवढा मागत राहिलो, तर ती पूजेची मूर्ती होते, बोलणारी माणूस राहत नाही. बाबासाहेबांनी १९५१ साली ‘महाबोधी’ मासिकात लेख लिहून बुद्धाने स्त्रीला ज्ञानाचा आणि संन्यासाचा अधिकार दिल्याचे ठामपणे मांडले. अधिकार मिळाला तो बोलण्यासाठी, की समूहात ‘जी जी’ म्हणण्यासाठी?

आणि बायांनी रचलेच नाही, असेही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. आज कडूबाई खरात एकतारीवर गातात आणि ते गाणे मोबाइलवरून गावोगाव पोचते. कमी आहे ती प्रतिभा नव्हे. कमी आहे ती जागा.

काहीजण म्हणतील, विहारात गाणी वाढली की पुन्हा भजन आणि कर्मकांड येईल. ही भीती खोटी नाही. पण देवाची आळवणी वेगळी आणि आपल्या दुःखाचे कारण शोधणे वेगळे. आमच्या मावशींची ओवी कुणाला साकडे घालत नाही. ती शीलाचा हिशोब मागते. हीच गोष्ट मंचाला झोंबली असावी.

आपणही जरा आत डोकावू. विहार म्हणजे धर्माची जागा, आपला प्रश्न वेगळा, असे समजून स्त्री-संघटना बाहेरच थांबल्या. खेड्यातल्या बौद्ध बाईला कुणाची परवानगी न मागता रोज तासभर बसता येते, अशी जागा दुसरी कोणती?

म्हणून सुचवते. आपापल्या गावच्या विहारात वर्षावासाची एक संध्याकाळ बायांच्या स्वतःच्या रचनांसाठी मागून घ्या. तयार गाणी घरी ठेवून जा. त्या सांगतील ते वहीत उतरवा आणि खाली रचणारीचे नाव लिहा, तिची तयारी असेल तर. थेरींची नावे टिकली म्हणून आज आपण त्यांना ओळखतो.

आमच्या विहारात वही सुरू झाली आहे. येत्या समारोपाला आम्ही पाच मिनिटे नव्हे, अर्धा तास मागणार आहोत. आणि खीर या वेळी पुरुषांनी रांधावी, हेही.