पुलावरचा फोटो नंतर, आधी राजवाड्यात जा!

युरोपला जाऊन आलेल्या तुमच्या मित्रमैत्रिणींपैकी एकाच्या तरी प्रोफाइलवर हा फोटो असणारच. हिरव्यागार डोंगरावर पांढराशुभ्र राजवाडा, निळसर छपरांचे टोकदार मनोरे, मागे तळं आणि पुढे आपला माणूस गॉगल लावून. हा राजवाडा म्हणजे जर्मनीतल्या बव्हेरियामधला नॉयश्वानस्टाईन. डिस्नीने १९५५ मध्ये आपल्या पार्कातला परीकथेतला राजवाडा बांधला, तो याच्याचवरून सुचला होता. असा फोटो माझ्याकडेही आहे. पण तो काढण्यापायी तीन तिकिटं वाया गेली आणि माझ्या मावशीला राजवाडा आतून बघताच आला नाही. म्हणून आधीच सांगते, नुसत्या फोटोसाठी जाणार असाल तर नका जाऊ. तो फोटो नेटवर फुकट मिळतो, आणि आपल्यापेक्षा चांगला काढलेला मिळतो.

झालं असं. यंदाच्या मे महिन्यात मी आणि मावशी म्युनिकला ताईकडे गेलो होतो. ताई म्हणजे माझी मावसबहीण, तिथे मास्टर्स करते. मावशीचा हा पहिलाच परदेश प्रवास, त्यात गुडघे दुखरे. ताईने अर्धवेळ नोकरीच्या पैशांतून तीन आठवडे आधीच तिघींची तिकिटं काढून ठेवली होती. दुपारी १.३५ ची वेळ मिळाली होती. बाराच्या सुमारास आम्ही पायथ्याच्या गावात पोचलो. ताई म्हणाली, आधी राजवाडा करू. मी म्हटलं, "ताई, दहाच मिनिटं गं, पुलावर एक रील करते आणि लगेच निघू."

राजवाड्यासमोरच्या दरीवर एक लोखंडी पूल आहे. त्याचं नाव मारिएनब्रुक, म्हणजे मारी राणीचा पूल. दरीपासून ९० मीटर उंच. तो जगप्रसिद्ध फोटो इथूनच मिळतो. तिथे जाणाऱ्या बसला मारुतीच्या शेपटाएवढी रांग, पुलावर त्याहून मोठी गर्दी. माझं रील तिसऱ्या प्रयत्नात नीट आलं, तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. पुलापासून राजवाड्यापर्यंत उतार आहे. तुम्हा-आम्हाला पंधरा मिनिटं पुरतात. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढापेक्षा उतार जास्त छळतो, हे मला कुठे ठाऊक! दारापाशी पोचलो तेव्हा १.४३ झाले होते आणि बोर्डावर पुढच्या गटाचा नंबर लागलेला. दारावरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, तुमची वेळ गेली. तिकिटावर हे लिहिलेलंच असतं. साठेक युरो, म्हणजे आपले सहा हजारांच्या आसपास रुपये, आठ मिनिटांत गेले. ताई काहीच बोलली नाही, आणि ते जास्त लागलं. मावशी बाकावर बसली, पिशवीतून धपाटे काढले आणि म्हणाली, "असू दे गं, बाहेरून बघितला की."

तिसऱ्या दिवशी मावशीचं परतीचं विमान होतं. ती गेल्यावर मी स्वतःच्या पैशांनी एक तिकीट काढलं आणि एकटीच परत गेले. तेव्हा कळलं, बघण्यासारखं सगळं आतच आहे.

पण तुम्ही जाणार असाल तर आधी कामाचं बोलू. तिकीट अधिकृत तिकीट केंद्राच्या वेबसाइटवरूनच काढा. विमानाचं तिकीट झालं की लगेच बघा, कारण उन्हाळ्यातले दिवस फार लवकर भरतात. गावातल्या केंद्रावर त्या दिवसाची थोडी तिकिटं मिळतात, पण दोन तासांचा प्रवास करून त्या भरवशावर जाऊ नका. किंमत वीस-एकवीस युरोच्या घरात असते, अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे. कॉलेजचं आयकार्ड जवळ ठेवा, एखादा युरो वाचतो. युरोपात गेल्यावर एका युरोतही जीव अडकतो, बघाल. म्युनिकहून निघणाऱ्या एक दिवसाच्या बस टूर घेणार असाल तर आत प्रवेश धरलेला आहे का, हे नीट वाचून घ्या. बऱ्याच टूरमध्ये तो धरलेला नसतो. पैसे भरून तुम्ही पायथ्याशी पोचता आणि तिथून पुढे तुमचं तुम्ही.

वेळ निवडताना उलटा हिशेब करा. म्युनिक ते फ्युसेन रेल्वेने साधारण दोन तास. गाडी कधी थेट असते, कधी बुख्लोला बदलावी लागते. फ्युसेन स्टेशनबाहेरून ७३ किंवा ७८ नंबरची बस दहा मिनिटांत होहेनश्वांगाऊ या पायथ्याच्या गावात सोडते. तिथून वर दीड किलोमीटरचा चांगलाच चढ आहे, अर्धा-पाऊण तास लागतो. चार-पाच जण असाल तर 'बायर्न टिकेट' घ्या. एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर प्रादेशिक गाड्यांतून हिंडता येतं. फक्त त्यावर सगळ्यांची नावं लिहावी लागतात, ते विसरू नका. यात एक मेख आहे. सोमवार ते शुक्रवार हे तिकीट सकाळी नऊच्या आधी चालत नाही. म्हणजे नऊनंतर गाडी, बारापर्यंत फ्युसेन, मग बस, मग चढ. दीड-दोनच्या आधीची वेळ घेतलीत की धावपळ ठरलेली. शनिवार-रविवारी नऊची अट नाही, पण गर्दी तिप्पट वाटते. मला विचाराल तर आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी अडीच-तीनची वेळ घ्या, आणि पूल राजवाडा बघून झाल्यावर करा.

सोबत आई-बाबा, मावशी-काका असतील तर त्यांचे गुडघे धरून बेत आखा. बस पुलाजवळ सोडते, तिथून उतरावं लागतं. घोडागाडीही राजवाड्याच्या दारापर्यंत जात नाही, शेवटचा थोडा चढ पायीच. आत गेल्यावर १६५ पायऱ्या चढायच्या आणि १८१ उतरायच्या. हिवाळ्यात बर्फ असेल तर बस बंद, आणि पूलही बऱ्याचदा बंद ठेवतात. मोठी सॅक आत नेता येत नाही. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, तेव्हा डबा न्याच. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी ठेवा.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येते. आत फोटो काढायला बंदी आहे, व्हिडिओलाही. माझ्या गटातले दोन मुलगे यावरून जाम वैतागले होते. "एवढे पैसे घेतात आणि फोटोही नाही?" पुलावर असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण आत जेमतेम अर्ध्या तासाची फेरी असते, गाइडबरोबर, जर्मन किंवा इंग्रजीतून. त्या अर्ध्या तासात सगळ्यांनी हात वर करून फोन धरले असते तर मला काय दिसलं असतं? पुढच्याचा फोन! हा राजवाडा एका माणसाला एकट्याने राहता यावं म्हणून बांधला होता. आज तिथे उन्हाळ्यात दिवसाला सहा हजारांहून जास्त लोक येतात. वेळेची शिस्त आणि फोटोबंदी नसती तर ते शक्यच नव्हतं. नियम कडक आहेत, ते मला दारातच भोवले, तरी मी त्यांच्या बाजूने आहे.

तो एकटा माणूस म्हणजे राजा लुडविग दुसरा. १८६४ मध्ये अठराव्या वर्षी गादीवर बसला, म्हणजे आपण एफवाय-एसवायला असतो त्या वयात. दोनच वर्षांनी प्रशियाविरुद्धच्या युद्धात हरणाऱ्या बाजूला राहिला आणि त्याच्या राजेपणातली बरीचशी ताकद गेली. मग त्याने स्वतःचं वेगळं राज्य बांधायला घेतलं, दगडाविटांचं. १८६९ मध्ये काम सुरू झालं. चित्र कोणी काढून दिलं? ख्रिस्टियान यांक या माणसाने, जो नाटकांचे पडदे रंगवायचा! म्हणून गड-किल्ले फिरलेल्या मराठी मुलांना इथे आधी फसल्यासारखं वाटतं. आपण तटबंदी, चोरदरवाजे, पाण्याची टाकी शोधत राहतो. इथे लढाई कधी झालीच नाही, कारण हा किल्लाच नाही. युरोपात तोवर रेल्वे धावत होत्या. मुंबईचं सीएसएमटी १८७८ ते १८८८ या काळात बांधलं गेलं, म्हणजे दोन्ही वास्तू एकाच काळातल्या. दोन्हींकडे रूप जुन्या युगाचं आणि पोटात नवं तंत्रज्ञान. राजवाड्यात गरम हवेची हीटिंग होती, नळाला गरम पाणी होतं, टेलिफोन होता. स्वयंपाकघरातून जेवण वर न्यायला लिफ्ट होती. मांस भाजण्याच्या सळ्या गरम हवेच्या जोरावर आपोआप फिरायच्या. फेरी संपताना हे स्वयंपाकघर लागतं आणि लोक घाईने पुढे निघतात. तुम्ही थांबा, मावशीसारख्या बाईला तिथे तास पुरला नसता.

या खोलीतून त्या खोलीत जाताना मधे एक खोटी गुहा लागते, गुहेच्या छताला लटकणाऱ्या दगडी झुंबरांसह. झोपायच्या खोलीतलं लाकडी कोरीवकाम बघून मान दुखते. गायनाचा भलामोठा दिवाणखाना आहे. राजाचा लाडका संगीतकार रिचर्ड वॅग्नर याच्या ऑपेरांच्या वेडातून हे सगळं उभं राहिलं, पण वॅग्नर इथे कधी आलाच नाही आणि राजाच्या हयातीत या दिवाणखान्यात मैफल झाली नाही. सिंहासनाच्या दालनात जमिनीवर लाखो तुकड्यांचं मोझेक आहे. संगमरवरी पायऱ्या वर चढत जातात आणि वर काहीच नाही. सिंहासन बनलंच नाही.

कारण पैसे संपले होते. कर्ज डोईजड झालं. जून १८८६ मध्ये सरकारने राजाला वेडा ठरवलं. ज्या डॉक्टरने अहवाल दिला त्याने राजाला प्रत्यक्ष तपासलंही नव्हतं. राजाला इथूनच ताब्यात घेतलं आणि १३ जूनला तो आणि तोच डॉक्टर तळ्यात मृतावस्थेत सापडले. नेमकं काय घडलं, यावर अजून वाद आहेत. या राजवाड्यात तो सगळे मिळून १७२ दिवस राहिला. आणि सात आठवड्यांत, १ ऑगस्टला, तिकीट लावून दारं लोकांसाठी उघडली. आपल्याला लोकांनी बघू नये असं वाटणाऱ्या माणसाचं घर! 'नॉयश्वानस्टाईन' हे नावसुद्धा त्याच्या मृत्यूनंतरचं. पुढे दुसऱ्या महायुद्धात नाझींनी फ्रान्समधल्या ज्यू कुटुंबांकडून लुटलेल्या कलावस्तू इथे लपवल्या होत्या, त्या १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याच्या हाती लागल्या. परीकथेचा राजवाडा म्हणून फोटो टाकताना यातलं एक तरी वाक्य खाली लिहा की.

आतल्या एका खिडकीतून तो पूल दिसतो. मी बघितलं तेव्हा पुलावर माणसं खच्चून भरलेली, सगळ्यांचे हात वर. पाच दिवसांपूर्वी मीही तिथेच होते, घड्याळाकडे न बघता.

आम्ही परतल्यानंतर, जुलैमध्ये, पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने लुडविगचे राजवाडे जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्याच बैठकीत रायगड, राजगड, लोहगडासह आपले बारा किल्लेही घेतले, त्यातला जिंजी तमिळनाडूतला. आपल्याकडे ढोल वाजले, स्टेटस लागले. तिकडे पायथ्याच्या श्वांगाऊ गावाने मात्र दोन वर्षं आधीच, जून २०२३ मध्ये, हा मान हवा की नको यावर मतदान घेतलं होतं. आधीच एवढी गर्दी, त्यात आणखी येईल ही भीती होती. थोड्याच फरकाने 'हवा' जिंकलं. पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर जे अडकलेत, त्यांना ही भीती समजावून सांगायला नको. आपल्या गडांवरही गर्दीच्या दिवसांसाठी वेळ ठरवून प्रवेश असावा, असं मला वाटतं. गड सगळ्यांचा आहे, त्यावर वेळ कसली लावता, असं म्हणणारे मित्र मला आहेत. त्यांच्याशी माझं भांडण चालू आहे.

परत आल्यावर मावशीकडे गेले. ती म्हणाली, दाखव आतले फोटो. फोटो नव्हते. मग बसून सांगायला लागले, गुहा, कोरीवकाम, जेवणाची लिफ्ट, आपोआप फिरणाऱ्या सळ्या. तास कसा गेला कळलं नाही. सिंहासनाचं सांगितल्यावर तिने मला थांबवलं.

"एवढं बांधलं आणि बसायला जागाच नाही? मग तो बसायचा कुठे गं?"

हे मी गाइडला विचारलंच नव्हतं. तुम्ही जाल तेव्हा विचारा, आणि मला कळवा.