आजारी मुलाच्या उशाशीं

घरांतील मूल दुखण्यानें इस्पितळांत ठेवावें लागलें, कीं मागें राहिलेल्या बायकांचे हात स्वस्थ बसत नाहींत. पुरुषमंडळी डॉक्टर, पैसे आणि गाडी यांच्या मागें असतात; आजेसासूबाई देवापाशीं दिवा लावून बसतात; आई तर मुलाजवळच. राहिल्या त्या काकू, आत्या आणि थोरल्या बहिणी. त्यांना कांहींतरी करावेंसें वाटतें आणि काय करावें तें सुचत नाहीं. मग कोणी बाजारांत जाऊन गुडघाभर उंचीचें केसाळ अस्वल घेऊन येतें. तें अतिदक्षता विभागाच्या दाराशींच अडविलें जातें, आणि मुलाच्या वडिलांना तें बगलेंत मारून रात्रभर बांकावर बसावें लागतें. अशा वेळीं घरच्या सुईदोऱ्यानें काय करतां येईल, आणि काय करूं नये, याविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे.

रहिमतपुरासारख्या गांवीं हा विषय अधिकच जवळचा. किरकोळ ताप-खोकला गांवांतच बरा होतो. परंतु दुखणें मोठें असलें कीं मुलाला घेऊन गांव सोडावें लागतें. गांवाचें स्टेशन पुणें-मिरज लोहमार्गावर, त्यामुळें कित्येक पिढ्या दुखणाईतांची वाट एक तर मिरजेची, नाहीं तर पुण्याची. मिरजेस डॉ. विल्यम वान्लेस यांनीं 1894 सालीं इस्पितळ उघडलें. पुण्याचें ससून त्याच्याही आधींचें, 1867 चें. केवळ मुलांसाठीं असें परळचें वाडिया इस्पितळ मुंबईस 1929 सालीं सुरू झालें, आणि कर्करोगासाठीं टाटा इस्पितळ 1941 सालीं. आतां साताऱ्यास व कऱ्हाडास मोठीं इस्पितळें आहेत. तरी कांहीं दुखणीं अशीं असतात कीं मुंबई-पुणें चुकत नाहीं. ज्या मुलानें रात्रीं पाणी मागितलें तर घरांतील चार माणसें उठत, तें एकाएकीं अशा खोलींत जाऊन पडतें कीं जेथील दिवा रात्रींही मालवत नाहीं आणि जेथें एकही वस्तु त्याच्या ओळखीची नसते. दुखण्याहून या अनोळखीपणानेंच तें अधिक रडतें, हें ज्या भगिनींनीं पाहिलें आहे त्यांना निराळें सांगावयास नको.

एक गोष्ट मात्र आरंभींच सांगितली पाहिजे. कितीही सुरेख शिवलें तरी कापड आईची जागा घेत नाहीं. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडांतील पुष्कळ इस्पितळांत आईबापांना ठराविक दिवशीं घटकाभरच भेटूं देत. मूल रडतें, म्हणून भेट नको, असा त्यामागें विचार. जेम्स रॉबर्टसन या गृहस्थांनीं 1952 सालीं एक चित्रपट काढून दाखविला. त्यांत दोन वर्षांची एक मुलगी लहानशा शस्त्रक्रियेसाठीं आठ दिवस इस्पितळांत राहते. ती फारशी रडत नाहीं, घरून आणलेलें आपलें अस्वल तेवढें घट्ट धरून असते, आणि आई परत आली तेव्हां तिच्याकडून तोंड फिरविते. तें पाहून पुष्कळ डॉक्टर प्रथम रागावले. परंतु 1959 सालीं तेथील सरकारी समितीनेंच आईबापांना मुलांजवळ येऊं द्यावें अशी शिफारस केली. आपल्याकडे हा प्रश्न इतक्या कठोर रूपानें आला नाहीं, कारण आपल्या इस्पितळांत खाटेजवळ घरचें माणूस असावयाचेंच. म्हणून एकत्र कुटुंबांतील वडील बायकांना माझें सांगणें असें कीं, पहिली भेट शिवण्याची नव्हे. "सूनबाई, इकडची काळजी तुम्हीं करूं नका," असें सासूबाईंनीं म्हणणें आणि जाऊबाईंनीं दोन्ही वेळची चूल खरोखरीच संभाळणें, ही ती भेट. ज्या घरीं आईला चौथ्या दिवशीं "सण तोंडावर आला" म्हणून परत बोलावितात, त्या घरच्या काकूंनीं दहा बाहुल्या शिवल्या तरी त्यांचा उपयोग थोडा.

पण अतिदक्षता विभागाचें दार आईलाही बंद होतें. शस्त्रक्रियेच्या खोलींत तर कोणीच जाऊं शकत नाहीं. तेथें कापडाचें काम सुरू होतें.

नव्या जन्मलेल्या बाळाला कोरें कापड घालूं नये, आजीच्या जुन्या लुगड्याचें दुपटें करावें, ही आपली जुनी रीत. आपण ती मऊपणासाठीं पाळीत आलों. परंतु तिच्यांत आणखी एक गुण आहे. 1975 सालीं मॅकफर्लेन नांवाच्या डॉक्टरांनीं पाहिलें कीं, जेमतेम आठवड्याचें बाळ आपल्या आईच्या दुधानें भिजलेल्या कापडाकडे परक्या बाईच्या कापडापेक्षां अधिक वेळ तोंड वळवितें. आज अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कित्येक विभागांत परिचारिका आईला कापडाचा एक लहान तुकडा अंगाशीं धरावयास सांगतात आणि तो मग बाळाजवळ ठेवतात. मोठ्या मुलांचें तेंच. पदराचें टोंक मुठींत धरल्यावांचून न झोपणारें मूल कोणत्या घरांत नाहीं? विनिकॉट या इंग्रज बालवैद्यांनीं अशा चिंधीला मुलाच्या मनांत केवढें स्थान असतें हें 1953 सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत सविस्तर मांडलें. आपल्या आज्यांनीं निबंध लिहिला नाहीं, इतकेंच.

तेव्हां शिवावयाचें तें ओळखीच्या कापडाचें. माझ्या मतें सर्वांत उत्तम भेट म्हणजे हातभर लांबीची, तितक्याच रुंदीची एक लहानशी गोधडी. आईच्या रोजच्या नेसण्यांतलें पातळ, आजोबांचें विरलेलें धोतर, वडिलांचा जुना सदरा, काकूंच्या लुगड्याचा कांठ, अशा तुकड्यांची वरची बाजू जोडावी. आंत सुती जुनेराचा एकच थर. खालीं मऊ अस्तर. बोटाबोटाच्या अंतरानें साधा धांवदोरा घालावा. आमच्याकडे वाकळ शिवणाऱ्या बायका चार-सहा थर घालून ती जाडजूड करतात. ती थंडीसाठीं ठीक, येथें नको. कापूस तर मुळींच भरूं नये. धुतला कीं त्याचे गोळे होतात आणि पावसाळ्यांत तो आंतून तीन-तीन दिवस वाळत नाहीं. पातळ गोधडी मात्र सकाळीं धुतली तर संध्याकाळीं परत मुलाजवळ जाते. मुलाला एकेका तुकड्यावर बोट ठेवून "हे आजोबा, ही काकू" असें म्हणतां येतें, आणि वेदनेच्या वेळीं हा खेळ पुष्कळ कामास येतो.

इस्पितळाचें सोवळें आपल्या सोवळ्याहून कडक असतें, हें लक्षांत ठेवून सुई हातीं घ्यावी. जें उकळत्या पाण्यांत साबणानें धुतां येत नाहीं, तें शिवूंच नये. म्हणून मखमल, जर, टिकल्या, लोंकर यांना रजा. डोळ्यांच्या जागीं गुंडी किंवा मणी न लावतां तेथें दोऱ्यानेंच भरतकाम करावें; तीन वर्षांखालील मूल मणी तोडून गिळतें. लांब नाड्या व फिती गळ्याभोंवतीं अडकतात. क्ष-किरणाच्या वेळीं धातूचे हूक काढावेच लागतात, ते मुळांतच नसावेत. वर्षाच्या आंतील बाळ एकटें निजलें असतां त्याच्याजवळ कोणतीही मऊ वस्तु ठेवूं नये. त्याचा श्वास अडण्याचा धोका असतो. आणि कर्करोगाच्या औषधांनीं ज्या मुलाची प्रतिकारशक्ति खालावलेली आहे, त्याच्यासाठीं कांहींही नेण्यापूर्वीं मुख्य परिचारिकेस विचारावें. तिनें "नको" म्हटलें तर रुसूं नये. ती आपल्या कलेचा अपमान करीत नसते.

दुसरी वस्तु बाहुली. चिंध्यांची बाहुली आपल्या घरांत नवी नाहीं, पण इस्पितळांतील बाहुलीचें काम निराळें. तिचें तोंड हंसरें भरूं नये; साधें, शांत असावें, म्हणजे मुलाला हवें तेव्हां ती हंसते आणि हवें तेव्हां रडते. तिच्या बरोबर बोटभर रुंदीची एक पट्टी आणि गळ्यांत अडकविण्याची कापडी झोळी द्यावी. मुलाला उद्यां हाताला सुई टोंचावयाची असेल, तर तें आज बाहुलीला टोंचतें, तिला पट्टी बांधतें, "झालं हं, संपलं" असें म्हणतें. कित्येक देशांत परिचारिका मुद्दाम अशा बाहुलीवर सर्व कृति करून दाखवितात आणि मग मुलाला हात लावतात. ज्या मुलाच्या अंगाला दिवसभर दुसरेच हात लावीत असतात, त्याला स्वतः कोणाचें तरी वैद्य होतां आलें म्हणजे जीव थोडा हलका होतो. येथें एक सूचना : बाहुलीला काय झालें आहे तें मोठ्यांनीं ठरवूं नये.

पोटावर किंवा छातीवर शस्त्रक्रिया झाली असेल तर एक घट्ट, चौकोनी, वीतभर उशी शिवावी. खोकला किंवा शिंक आली कीं ती टांक्यांवर दाबून धरली असतां कळ कमी होते, आणि खोकल्यावांचून छातींतील कफ सुटत नाहीं म्हणून डॉक्टरही ती धरावयास सांगतात. या उशीला मात्र धुण्याजोगा कृत्रिम कापूस भरावा आणि वर दोन अभ्रे असावेत. औषधांनीं केंस गेलेल्या मुलासाठीं टोपडें करावयाचें तर शिवण बाहेरच्या बाजूस घ्यावी. त्या दिवसांत टाळू फार हळवी असते आणि आंतली शिवण बोंचते. सलाईनची नळी लावलेल्या मुलाच्या झबल्याला खांद्यापासून बाहीपर्यंत उघडणारे आंखूड बंद लावले, कीं नळी न काढतां कपडा बदलतां येतो. हीं कामें दिसावयास साधीं, आणि ज्यांना प्रदर्शनांत बक्षीस हवें असेल त्यांना आवडणारीं नव्हेत.

डेन्मार्कांत 2013 च्या सुमारास अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीं दोऱ्याचे अष्टपाद प्राणी विणण्याची टूम निघाली व ती देशोदेशीं पसरली. बाळ त्याचे पाय धरून बसतें आणि नळ्या ओढीत नाहीं असें सांगतात. त्याचा पुरावा अजून पक्का नाहीं, आणि कित्येक डॉक्टर त्यास नाखुष आहेत. आपल्या भगिनींनीं तिकडे धांवूं नये असें मला वाटतें.

शेजारच्या खाटेचें काय? आपल्या मुलाला सात माणसांची गोधडी येते आणि पलीकडचें मूल टक लावून पाहत असतें. त्याची आई कदाचित् मजुरी बुडवून आलेली असते. म्हणून शिवतांना एक बाहुली अधिक शिवावी. ती दान म्हणून द्यावयाची नाहीं. आपल्या मुलाच्या हातून, खेळगड्याला द्यावी तशी जावी. मुंबईस उपचारांसाठीं येणाऱ्या कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांची राहण्याची सोय करणाऱ्या सेंट ज्यूड संस्थेसारख्या (2006) ठिकाणीं भिशीमंडळाच्या वतीनें टोपडीं पाठवावयाचीं असतील, तर आधीं पत्र टाकून हवें काय तें विचारावें. न विचारतां आलेल्या गांठोड्यांची निवडानिवड करण्यांत तेथील माणसांचा वेळ जातो.

गोधडीच्या कोंपऱ्यांत मुलाचें नांव व गांव साखळीटांक्यानें घालावें, नाहीं तर ती इस्पितळाच्या धुण्यांत जाते ती जातेच. आणि एकाच पातळाच्या दोन सारख्या गोधड्या कराव्या. एक मुलाजवळ असते; दुसरी धुऊन, उन्हांत वाळवून आईनें रात्रीं आपल्या उशाशीं घ्यावी आणि सकाळीं अदलाबदल करावी. मूल दोन्हींतला फरक ओळखीत असल्यास जुनी तशीच राहूं द्यावी आणि नवी तिच्या खालीं घालावी.