मुक्या ध्वनिक्षेपकाची कैफियत

घरातील तीस-चाळीस वर्षांचा ध्वनिक्षेपक घोगरा बोलू लागला, किंवा जोडीतील एक पेटी मुकी झाली, की तिची रवानगी प्रथम माळ्यावर आणि पुढे यथावकाश भंगारवाल्याकडे करण्याचा जो शिरस्ता आपल्या घरांतून पडला आहे, तो मला सर्वस्वी अन्यायाचा वाटतो. कारण बिघाड नेमका कोठे आहे याची चौकशी न करताच हा एकतर्फी निकाल दिलेला असतो, आणि ती चौकशी तर मल्टिमीटर आणि थोडी सबुरी यांच्या बळावर कोणाही सुबुद्ध माणसाला घरच्या घरी करता येण्याजोगी असते.

चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली जी रचना मांडली, तीच मूलतः आजही चालू आहे: चुंबकाच्या चिंचोळ्या फटीत तांब्याच्या तारेची कॉइल, तिला चिकटवलेला कागदी कोन, आणि त्या कोनाला मध्याशी सावरणारा स्पायडर व परिघाशी सावरणारी लवचीक कड. यांतील चुंबक आणि लोखंडी सांगाडा सहसा दगा देत नाहीत. झिजते ती फोमची कड, जी पंधरा-वीस वर्षांत बोट लावताच चिकट भुगा होऊन गळू लागते. आणि आटतात ते पेटीतील इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. दोष बहुधा अशा अल्पमोली, नाशवंत भागांचा असतो, शिक्षा मात्र सबंध पेटीला होते.

तपास बाहेरून आत करावा. ॲम्प्लिफायर बंद करून पेट्यांकडील तारांची डावी-उजवी अदलाबदल करावी. मौन दुसऱ्या पेटीत गेले तर अपराध ॲम्प्लिफायरचा किंवा तारेचा, जागीच राहिले तर पेटीचा. मग बोटांच्या टोकांनी, सर्व बाजूंना सारखा भार देत, मोठा कोन हलकेच आत दाबावा. खरखर ऐकू आली तर कॉइल चुंबकाला घासते आहे. त्यानंतर स्पीकरची तार सोडवून मल्टिमीटर लावावा. आठ ओहमच्या स्पीकरला सहाच्या आसपास आकडा आला तर कॉइल शाबूत समजावी. काहीच आले नाही तरी लगेच हाय खाऊ नये, कारण पुष्कळदा कॉइल नव्हे, तर कोनापासून टर्मिनलपर्यंत येणारी विणीची तारच तुटलेली असते, आणि ती डाख देऊन सांधता येते.

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील ॲकॉस्टिक रिसर्च या कंपनीचा १९५८ सालचा एआर-३ हा ध्वनिक्षेपक या बाबतीत मोठा बोधप्रद आहे. कंपनीचे एक संस्थापक एडगर व्हिलचर यांनी बंद पेटीतील हवेलाच कोनाची स्प्रिंग केले. म्हणून मोठा कोन आत दाबून सोडला असता तो सावकाश परत आला पाहिजे, झटकन आला तर पेटी कोठेतरी हवा सोडते आहे. याच पेटीचा ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, गप्प झाला की तो जळाला असे मालक धरून चालतो. वस्तुतः पेटीच्या मागील बाजूस आवाजाचे प्रमाण ठरवणारे जे पोटेन्शिओमीटर आहेत, त्यांवर गंज चढून बहुधा संपर्क तुटलेला असतो. ते मागेपुढे फिरवताना करकर होऊन आवाज क्षणभर परत आला, की रोगनिदान पुरे झाले. ही पायरी गाळून ज्यांनी मूळ घुमटाकार ट्वीटर उपटून टाकले, त्यांनी कायमची हानी केली, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंडेन्सर बदलताना तितक्याच मायक्रोफॅरडचा आणि नॉन-पोलर जातीचाच घ्यावा. सुधारणेच्या हौसेने भलताच घालू नये, कारण मूळ रचनाकाराने साधलेला तोल आपल्याला ठाऊक असतोच असे नाही. व्हॉल्व्हचे रेडिओ, किंवा क्वाड कंपनीच्या १९५७ सालच्या ध्वनिक्षेपकासारखी, आत हजारो व्होल्ट खेळवणारी यंत्रे, यांना मात्र घरी हात लावू नये. ती जाणत्या कारागिराकडेच सोपवावीत. कॉइल भरून कोन बदलून देणारे असे कारागीर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या बुधवार पेठेत शोधल्यास सापडतात. त्यांच्यापुढे ‘बंद पडलाय’ एवढीच तक्रार नेणे आणि ‘कॉइल शाबूत आहे, कड गेली आहे’ असे सांगणे यांत पैशाचाच नव्हे, प्रतिष्ठेचाही फरक आहे.

ग्राहकाला हे सांगता यावे अशी तजवीज करणे हे उत्पादकाचे कर्तव्य आहे. ॲकॉस्टिक रिसर्च आपल्या ध्वनिक्षेपकांना पाच वर्षांची हमी देत असे आणि दुरुस्तीसाठी कारखान्यापर्यंतच्या जाण्यायेण्याचे भाडेही स्वतः सोशीत असे. आज पेटीच्या पाठीवर कंडेन्सरचा आकडा छापण्याचीही तसदी सहसा कोणी घेत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी जे संकेतस्थळ उघडले, त्यात घरगुती टिकाऊ वस्तूंचा अंतर्भाव आहे. उत्पादन थांबलेल्या प्रत्येक ध्वनिक्षेपकाचा विद्युत्-नकाशा, कंडेन्सरची मूल्ये आणि कडेचे माप तेथे दाखल करण्याची सक्ती कंपन्यांवर व्हावी, आणि नव्या पेट्यांत हीच माहिती कागदावर छापून मागच्या फळीच्या आतील अंगाला चिकटवून मिळावा, ही माझी मागणी आहे.