माशावरचा डाग आणि आपली घाई

खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे काचपेटीत पाळण्याचा शौक आता मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांतूनही दिसतो. या शौकीन मंडळींशी माझे एक भांडण आहे. माशाच्या अंगावर जरा वेगळा रंग दिसला की त्यांचा हात आधी बाटलीकडे जातो, आणि ती बाटली बहुधा ताम्रयुक्त औषधाची असते. रोग कोणता, मुळात रोग आहे की नाही, हा प्रश्न नंतर! तर्कशास्त्राच्या तासाला आपण कार्यकारणभावाचा एवढा काथ्याकूट करतो त्याचा व्यवहारात उपयोग काय, असे विचारणाऱ्या मित्रांनी ही काचपेटी एकदा अवश्य पाहावी.

हवाई बेटांच्या प्रवाळखडकांवर आढळणारा पिवळा टँग घ्या. दिवसा पिकल्या लिंबासारखा दिसणारा हा मासा रात्री फिका पडतो. कुशीवर तपकिरी छटा येते आणि तीत पांढरी आडवी रेघ उमटते. माशाच्या त्वचेत रंगद्रव्याच्या पेशी असतात. त्यांतले कण पसरले की रंग गडद, आवळले की फिका. हा कारभार मज्जातंतू आणि संप्रेरके यांच्या हुकमाने चालतो. झोप, भीती, शेजाऱ्याशी झालेली चकमक एवढ्यानेही रंग पालटतो. माझ्या मावसभावाने एकदा पहाटे दिवा लावला, टँगवरचा डाग पाहिला आणि तो औषध शोधू लागला. मावशी म्हणाली, "अरे, त्याला जागा तरी होऊ दे. तू आधी चहा घे." चहा संपेपर्यंत डाग नाहीसा! मावशी जीवशास्त्र शिकलेली नाही. पण घटकाभरात जाणारा रंग वेगळा आणि दिवसेंदिवस वाढणारा वेगळा, हे तिला बरोबर उमगले होते.

अर्थात सगळेच डाग चहाबरोबर जात नाहीत. मीठ भुरभुरल्यासारखे सुटे पांढरे ठिपके हे बहुधा क्रिप्टोकॅरिऑन या एकपेशीय परजीवीचे काम. त्याहून बारीक, तिरप्या उजेडात सोनेरी धुळीसारखा थर दिसला आणि मासा धापा टाकत असला, तर अमायलूडिनियमची शंका घ्यावी. तो आधी कल्ल्यांना ग्रासतो आणि थोड्याच दिवसांत मासा दगावतो. विदूषक माशाच्या अंगावरून चिकट पांढरे पापुद्रे सुटू लागले, तर ब्रुक्लिनेला. तेथे तांब्याचा उपयोग नाही, फॉर्मलिन लागते. डोक्यावर आणि कुशीच्या रेषेवर खड्डे पडून रंग उडाला असेल, तर संशय निकस आहाराचा आणि गाळणीतल्या कोळशाच्या भुकटीचाही घ्यावा लागतो. इतक्या निरनिराळ्या दुखण्यांवर एकच बाटली!

सर्वांत फसवा तो मिठासारखा ठिपका. हा परजीवी माशाच्या कातडीत साधारण ३ ते ७ दिवस राहतो, मग आपण होऊन गळतो, तळाशी कोष करतो, आणि त्या कोषातून निघालेली पिल्लावळ पुन्हा मासा शोधते. म्हणजे औषध घाला वा घालू नका, ते ठिपके जाणारच असतात. पण बाटलीवाला म्हणतो, गुण आला! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या शास्त्रकारांनी याला काकतालीय न्याय म्हटले आहे. पुढे काही आठवड्यांनी ठिपके दुप्पट होऊन परततात, तेव्हा दोष माशाच्या नाजूक प्रकृतीला दिला जातो. वास्तविक तांबे या परजीवीला मारते ते तो पाण्यात मोकळा पोहत असताना, कातडीत दडलेला असताना नव्हे. म्हणून ते वेगळ्या टाकीत, मात्रा मोजून, आठवडेच्या आठवडे द्यावे लागते. मुख्य पेटीत ओतले तर प्रवाळ आणि कोळंबी मरतात, ते निराळेच.

"विचार करीत बसलो तर मासा मरेल," असे कोणी म्हणेल. अमायलूडिनियमच्या बाबतीत ही भीती खरी आहे, हे मी मान्य करतो. परंतु श्वास मोजणे, मासा खातो की नाही पाहणे, पाण्यातला अमोनिया तपासणे, कालचा डाग आजच्याशी ताडून पाहणे, याला दहा मिनिटेही लागत नाहीत. घाई करायचीच तर मासा वेगळ्या टाकीत हलवण्याची करावी. आणि मेलेल्या माशाची भरपाई होते कोठून? बंदिवासात जन्मलेला पिवळा टँग प्रथम वाढवता आला तो २०१५ साली, तोही वर्षानुवर्षांच्या खटपटीनंतर. पेट्यांतले बहुतेक सागरी मासे आजही प्रवाळखडकांवरून धरून आणलेले असतात. एक मेला की दुकानदार दुसरा दाखवतो, आणि त्याच्याच शेजारच्या फळीवर ती बाटलीही मांडलेली असते.