पस्तीस दिवसांची खतावणी

कोणाचे खाते कोणत्या पानावर आहे, हे जुन्या पेढीवरील मुनीमजी खतावणी न उघडताच सांगत. ती केवळ दैवी स्मरणशक्ती नव्हती. वहीची मांडणी त्यांच्या मनात पक्की बसलेली असे.

आज इतवारीपासून धरमपेठेपर्यंत अनेक घरांत मुले हौसेने गिटार घेतात आणि काही महिन्यांतच ती कोपऱ्यात ठेवतात. ‘याला गोडीच नाही’ असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. पुष्कळदा गोडी असते. दांडीवर कोणता स्वर कोठे आहे, हेच उमगलेले नसते.

थोडा हिशेब मांडू. सहा तारा आणि बारा पडदे, म्हणजे 72 जागा. बाराव्या पडद्यावर तारेची लांबी निम्मी होते व पुढे तेच स्वर वरच्या सप्तकात येतात. पहिली आणि सहावी तार दोन्ही ‘ई’च्या, एकीचे पाठांतर दुसरीला चालते. उरल्या 60 जागा. त्यांत ‘ए’ ते ‘जी’ हे सात मूळ स्वर पाच तारांवर मिळून 35 जागी येतात. बाकीचे त्यांच्या मधले. ‘बी-सी’ आणि ‘ई-एफ’ या जोड्यांत मात्र मधला पडदा नाही. रोज एक जागा धरली, तर 35 दिवसांत खतावणी पूर्ण!

पडदे पुढे जवळजवळ का येतात? प्रत्येक पडद्यागणिक तारेची उरलेली लांबी सुमारे 5.6 टक्क्यांनी घटते. घटत्या मूल्यावरील घसाराच हा! टक्का तोच, रक्कम मात्र कमी कमी होत जाते.

पं. ब्रिजभूषण काब्रा यांनी पडद्यांचा आधार न घेता, तारांवर धातूचा तुकडा सरकवून गिटारवर राग वाजवले. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ते ऐकावयास मिळते. असे वादन करणाऱ्याच्या मनातच स्वरांच्या जागा असाव्या लागतात.

पालकांना संगीत येण्याची आवश्यकता नाही. दुकान बंद करून घरी आल्यावर पाच मिनिटे मुलाजवळ बसावे आणि विचारावे, “पाचव्या तारेवर ‘सी’ कोठे?” उत्तर आहे, तिसऱ्या पडद्यावर. वडील आपल्या अभ्यासाची विचारपूस करतात, हे जाणवलेले मूल वाद्य सहसा कोपऱ्यात ठेवत नाही.