‘बूटस्ट्रॅप’ म्हणजे फुकट नव्हे!



मागच्या बॅचमध्ये एक ताई म्हणाल्या, “सर, माझा धंदा पूर्ण बूटस्ट्रॅप्ड आहे, कुणाचा एक रुपया घेतला नाही.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण या शब्दाचा मूळ अर्थ माहितीये का तुम्हाला?

बूट चढवताना ओढायला त्याला वरती जो पट्टा असतो, तो बूटस्ट्रॅप. आता स्वतःच्याच बुटांचे पट्टे धरून स्वतःला उचलून बघा. जमतंय? नाहीच जमणार! 1834 साली अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने, कायम चालणारं यंत्र शोधल्याचा दावा करणाऱ्या एका गृहस्थाची टर उडवली, की आता हे साहेब बुटाचे पट्टे धरून नदीही पार करतील. म्हणजे हा वाक्प्रचार अशक्य गोष्टीची थट्टा करायला होता! पुढे विसाव्या शतकात अर्थ उलटला आणि ‘स्वतःच्या हिमतीवर वर येणं’ असा झाला. कॉम्प्युटर ‘बूट’ होतो, तो शब्दही इथूनच आला.

माझं स्पष्ट मत सांगतो. जुना अर्थ जास्त खरा आहे. आपण ‘शून्यातून उभं केलं’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा कुणीतरी खालून खांदा दिलेला असतो, फक्त त्याचं नाव हिशोबात नसतं.

त्या ताईंचाच हिशोब मांडला. रोज 10 किलो चकली. माल, गॅस, पॅकिंग वजा जाता किलोमागे 110 रुपये, म्हणजे दिवसाला 1100 नफा. पण सासूबाई आणि त्या स्वतः दिवसभर राबतात. 400 प्रमाणे दोन मजुऱ्या, 800. खोलीचं भाडं धरा 150. उरले किती? 150 रुपये! ताई गप्प झाल्या. उद्या सासूबाई आजारी पडल्या आणि बाई ठेवावी लागली, तर? मोठी ऑर्डर आली आणि गाळा घ्यावा लागला, तर?

बिनकर्जाचा धंदा वाईट नाही, मीही तसाच सुरू केला. पण घरच्यांचे कष्ट खर्चात धरले नाहीत तर भाव चुकतो, आणि धंदा बसला की माणूस स्वतःला दोष देत बसतो.

आज रात्री वही काढा. फुकट मिळणाऱ्या प्रत्येक गोष्टीपुढे रुपये लिहा. मग भाव ठरवा. आणि हो, खांदा देणाऱ्याला एकदा थँक्यू म्हणा!